दोन रात्री जेनोव्हात: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

इटलीच्या सहली बहुधा रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, मिलान अशाच आखल्या जातात. जेनोव्हा त्यात आलंच, तर चिंक्वे तेर्रे या किनाऱ्यावरच्या पाच गावांना जाताना गाडी बदलायचं स्टेशन म्हणून. शाळेच्या इतिहासात कोलंबसचं गाव म्हणून जे जिनोआ आपण वाचलं, ते हेच. मागे डोंगर, पुढे समुद्र आणि मधे जेमतेम एक पट्टी. त्या पट्टीवर आणि डोंगराच्या उतारावर सुमारे ३० किलोमीटर लांब हे शहर पसरलंय. बंदर आजही जोरात चालू आहे: कंटेनर, फेरीबोटी, क्रूझ, सगळं शहराच्या अगदी पायाशी. अशा ठिकाणी ‘पाहण्यासारखी दहा ठिकाणं’ छापाची यादी घेऊन गेलात तर दिवसभर चढउतार होतो आणि संध्याकाळी घरच्यांची बोलणी खावी लागतात.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. ठिकाणांचा क्रम उंचीप्रमाणे लावा. वर लिफ्टने जा, खाली पायी उतरा आणि दिवस समुद्राशी संपवा. सोबत साठीपुढचे आईवडील असतील तर हे दुप्पट लागू.

आधी तारखा

एप्रिल ते जूनचा मध्य आणि सप्टेंबर हे दिवस उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये गल्ल्यांत दमट उकाडा असतो आणि १५ ऑगस्टच्या आसपास, म्हणजे इटालियन लोकांच्या फेर्रागोस्तो सुट्टीत, लहान दुकानं आणि खाणावळी चक्क बंद असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिकीट-हॉटेल स्वस्त मिळतं, पण तो इथला मुसळधार पावसाचा काळ आहे. २०११ आणि २०१४ साली शहरात मोठे पूर आले होते. तेव्हापासून पावसाचे पिवळे, नारिंगी आणि लाल इशारे इथे फार गंभीरपणे घेतले जातात. लाल इशारा असला की शाळा, बागा आणि बऱ्याचदा संग्रहालयंही बंद राहतात. त्या दिवशी ओढ्याकाठच्या रस्त्यांवर फिरायला जाऊ नका. हॉटेलवाले सांगतील ते ऐका.

आणखी दोन गोष्टी तारखा पक्क्या करण्याआधी तपासा. सप्टेंबरच्या उत्तरार्धात इथे नौकांचं मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरतं आणि हॉटेलांचे दर आकाशाला भिडतात. ते दिवस टाळा. उलट, वसंतात आणि शरदात ‘रोल्ली डेज’ असतात, तेव्हा एरवी बंद असलेले खासगी राजवाडे लोकांसाठी उघडतात. ते दिवस जमत असतील तर बाकीची सहल त्यांच्याभोवती फिरवा. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात, म्हणून दोन दिवसांतला एक सोमवार नसेल असं पाहा.

व्हिसा आणि पोचण्याची वाट

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो. अगदी शेवटची मुदत १५ दिवसांची असली, तरी उन्हाळ्याच्या हंगामात अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ लागतो, तेव्हा तीन महिने आधी कामाला लागलेलं बरं. २०२४च्या जूनपासून प्रौढांसाठी व्हिसाचं शुल्क ९० युरो आहे, व्हिसा अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा हवा. ज्या देशात सर्वात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, रात्री सारख्याच असतील तर जिथे आधी उतरणार तिथे. पॅरिसला पाच आणि इटलीत तीन रात्री असताना इटलीकडे अर्ज केलात तर नकार ओढवून घ्याल.

भारतातून जेनोव्हाला थेट विमान नाही. बहुतेकांना मिलानला उतरून रेल्वेने येणंच सोयीचं पडतं. एखाद्या युरोपीय शहरात विमान बदलून थेट जेनोव्हालाही उतरता येतं. तिथला विमानतळ समुद्रात भराव घालून केलेल्या जमिनीवर आहे आणि खिडकीशी जागा मिळाली तर उतरताना शहराची ठेवण एका नजरेत कळते. त्या विमानतळाचा तीन अक्षरी कोड मात्र ‘जीओए’ आहे. हो, गोवा लिहितात तसाच! आपल्या गोव्याचे कोड जीओआय (दाबोळी) आणि जीओएक्स (मोपा). तिकीट काढताना आणि बॅगेवरचं लेबल बघताना तेवढं एकदा वाचून घ्या.

मिलानो चेंत्राले स्टेशनवरून जेनोव्हा गाडीप्रमाणे दीड ते दोन तासांवर. इंटरसिटीचं तिकीट लवकर काढलं तर स्वस्त पडतं. प्रादेशिक गाडीचा दर ठरलेला असतो, ते आयत्या वेळी काढलं तरी चालतं. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट फलाटाजवळच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा छाप उमटवावा लागतो आणि मोबाइलवरच्या तिकिटाचं चेक-इन करावं लागतं. हे विसरलात तर तिकीट हातात असूनही दंड बसतो. परदेशी आहोत ही सबब तिकीट तपासनीस रोज ऐकत असतो.

संपाचाही विचार ठेवा. इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर होतात आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक गाड्या सोडाव्याच लागतात. त्यामुळे ‘शोपेरो’ म्हणजे संप हा शब्द स्टेशनच्या पाटीवर दिसला तर घाबरू नका, फक्त त्या दोन वेळांत बसणारी गाडी शोधा.

उतरायचं कुठे, राहायचं कुठे

शहरात दोन मोठी स्टेशनं आहेत. पियात्सा प्रिंचिपे पश्चिमेला, जुन्या शहराच्या आणि क्रूझच्या धक्क्याच्या जवळ. ब्रिन्योले पूर्वेला, खरेदीच्या रस्त्याच्या टोकाशी. दोन्हींमध्ये रेल्वेने काही मिनिटांचंच अंतर आहे आणि एकच मेट्रो मार्ग त्यांना जोडतो. मधली सान जॉर्जो आणि दे फेर्रारी ही स्थानकं तुमच्या उपयोगाची.

पहिल्यांदा जाणाऱ्याने पियात्सा दे फेर्रारी या चौकाच्या आसपास किंवा ब्रिन्योलेजवळ खोली घ्यावी, असं माझं मत. जुन्या शहराच्या गल्ल्यांत, म्हणजे स्थानिक भाषेत ‘कारुज्जी’त, फोटोत फार देखण्या खोल्या दिसतात. प्रत्यक्षात तिथे गाडी पोचत नाही, फरसबंदीवर चाकांची बॅग धड ओढवत नाही आणि इमारत चारशे वर्षांची असेल तर लिफ्ट असेलच असं नाही. बुकिंग करताना ‘कितवा मजला, लिफ्ट आहे का’ हा प्रश्न लिहून पाठवा. व्हिया प्रे आणि मद्दालेना भागातल्या काही गल्ल्या दिवसा गजबजलेल्या असल्या तरी रात्री उशिरा तितक्या बऱ्या वाटत नाहीत. उशिराच्या गाडीने येणार असाल तर तिथली खोली नकोच.

पत्ता शोधताना एक खास जेनोव्ही घोळ होतो. इथे घरांचे क्रमांक काळे आणि दुकानांचे, खाणावळींचे लाल. दोन्हींची मोजणी स्वतंत्र चालते. त्यामुळे एकाच रस्त्यावर १२ क्रमांकाचं घर आणि १२ क्रमांकाचं दुकान एकमेकांपासून बरंच लांब असू शकतं. पत्त्यात आकड्यामागे ‘आर’ असेल तर तो लाल क्रमांक. गल्ल्यांत मोबाइलचा नकाशाही गोंधळतो. एवढ्या अरुंद जागेत त्याला आकाशच दिसत नाही. चुकलात तर उताराच्या दिशेने चालत राहा, बंदराशी बाहेर पडाल.

हॉटेलात माणशी, रात्रीमागे शहराचा मुक्काम-कर वेगळा घेतात, बऱ्याचदा रोख. तो ऑनलाइन दाखवलेल्या दरात धरलेला नसतो.

पहिला दिवस: वरून खाली

सकाळी पियात्सा पोर्तेल्लोला या. तिथल्या बोगद्यातून आत गेलं की कास्तेल्लेत्तोची जुनी सार्वजनिक लिफ्ट आहे. ही पर्यटकांसाठी बांधलेली नाही. वरच्या वस्तीतले लोक भाजीच्या पिशव्या घेऊन तिनेच ये-जा करतात. वर सज्जासारखा एक मोकळा चौक आहे. स्लेटची करडी छपरं, देवळांचे घुमट, मागे बंदराच्या क्रेन आणि उजवीकडे लांबवर लांतेर्ना, इथला दीपस्तंभ. आजची त्याची इमारत १५४३ सालची, उंची साधारण ७७ मीटर. वर उभं राहून बोटाने दाखवत दिवसाचा रस्ता ठरवून टाका. नकाशापेक्षा हे जास्त लक्षात राहतं.

खाली उतरलात की दोन मिनिटांत व्हिया गारिबाल्दी. सोळाव्या शतकात श्रीमंत सावकार घराण्यांनी मुद्दाम आखलेला हा रस्ता, दोन्ही बाजूंना फक्त राजवाडे. जेनोव्हाचं प्रजासत्ताक पाहुण्या राजांना, राजदूतांना उतरवण्यासाठी सरकारी वाडा बांधत बसलं नाही. त्याने १५७६ साली श्रीमंतांच्या वाड्यांच्या याद्या केल्या, त्याच या ‘रोल्ली’. पाहुणा जेवढा मोठा, तेवढा वरच्या वर्गातला वाडा, आणि खर्च घरमालकाचा! यादीत नाव असणं हा मान होता, तेव्हा तक्रार कोण करणार. २००६ साली यातले ४२ वाडे युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले.

पलाझ्झो रोस्सो, पलाझ्झो बियांको आणि पलाझ्झो दोरिया-तुर्सी या तीन वाड्यांना मिळून एक तिकीट आहे. तिन्ही नीट पाहायला अर्धा दिवस जाईल, म्हणून निवड करा. चित्रांची आवड असेल तर रोस्सोत व्हॅन डाइकने रंगवलेली वाड्याच्या मालक घराण्यातल्या माणसांची चित्रं आणि छतावरचा सज्जा. संगीताची असेल तर तुर्सीत प्रसिद्ध व्हायोलिनवादक पागानिनीचं व्हायोलिन, १७४३ साली ग्वार्नेरीने घडवलेलं. त्याच्या दणदणीत आवाजामुळे पागानिनी त्याला ‘तोफ’ म्हणायचा. दोन्हींची आवड नसेल तर तिकीट काढूच नका. वाड्यांची दारं उघडी असतील तिथे अंगणात डोकावत रस्ता पार करा, तेही पुरेसं आहे.

तिथून गल्ल्यांतून खाली पियात्सा बांकीकडे. इथलं सान पिएत्रोचं चर्च जमिनीवर नाही, दुकानांच्या डोक्यावर बसलंय. ते बांधायला पैसा हवा होता, म्हणून तळाशी दुकानं काढून ती विकली. जेनोव्हाचा स्वभाव कळायला ही एक इमारत पुरे. जवळच सान लोरेन्झो कॅथेड्रल, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं. आत उजव्या बाजूला एक तोफगोळा ठेवलेला दिसेल. ९ फेब्रुवारी १९४१ रोजी ब्रिटिश नौदलाने शहरावर मारा केला, तेव्हा एक गोळा छतातून आत येऊन पडला आणि फुटलाच नाही. ही त्याची आठवण. दुपारी चर्च बंद ठेवण्याची पद्धत इथे आहे, तेव्हा बाराच्या आत किंवा तीननंतर जा. खांदे-गुडघे झाकलेले असू द्या.

मग बंदर. समोर रंगवलेल्या भिंतींचा पलाझ्झो सान जॉर्जो दिसतो, मूळ बांधकाम १२६० सालचं. पुढे इथेच सान जॉर्जो बँकेचा कारभार चालला; १४०७ साली सुरू झालेली ही बँक युरोपातल्या सर्वांत जुन्या बँकांपैकी एक. या इमारतीशी आपला एक धागा आहे. व्हेनिसचा मार्को पोलो १२९८च्या सुमारास जेनोव्हाच्या कैदेत होता, परंपरेनं सांगतात की याच इमारतीत. तिथे त्याने सहकैद्याला आपल्या प्रवासाची हकीकत सांगितली आणि त्यात ठाण्याच्या राज्याचं वर्णन आहे: तिथलं कातडं, सुती कापड, तपकिरी धूप आणि किनाऱ्यावरचे चाचे. ठाणेकरांनी इथे एक फोटो काढायला हरकत नाही.

बंदरात काय घ्यायचं, काय सोडायचं

पोर्तो अंतिको म्हणजे जुनं बंदर. १९९२ साली कोलंबसच्या सफरीला ५०० वर्षं झाली, त्या निमित्ताने रेन्झो पियानो या इथल्याच वास्तुविशारदाने ते नव्याने आखलं आणि लोकांसाठी खुलं झालं. मत्स्यालयही तेव्हाचंच, इटलीतलं सर्वांत मोठं. लहान मुलं असतील तर जाच. वेळेचं तिकीट ऑनलाइन काढा आणि अडीच-तीन तास धरा. सुट्टीच्या आणि पावसाच्या दिवशी अख्खं शहर तिथे लोटतं. मुलं नसतील तर ते पैसे आणि वेळ मी गालाता या सागरी संग्रहालयाला देईन. तिथे गॅली ही वल्ह्यांची जुनी बोट मूळ आकारात उभी केली आहे, आणि या बंदरातून अमेरिकेला गेलेल्या लाखो गरीब इटालियनांचा प्रवास तुम्हाला त्यांच्या बोटीत बसवून दाखवला आहे. बाहेर पाण्यात नाझारियो साउरो ही पाणबुडी नांगरलेली आहे. आत जाता येतं, पण दारं अरुंद आणि बुटकी आहेत. गुडघे दुखत असतील किंवा कोंडल्यासारखं होत असेल तर बाहेरूनच पाहा.

कोलंबसचं घर म्हणून पोर्ता सोप्राना या वेशीजवळ एक छोटी इमारत दाखवतात. ती अठराव्या शतकात पुन्हा बांधलेली आहे. वेस पाहण्यासारखी आहे, घरासाठी रांग लावू नका.

खाणं, विशेषतः शाकाहारी मंडळींचं

शाकाहारी माणसाला इटलीत जेनोव्हाइतकं सोपं शहर क्वचितच मिळेल. पेस्तो इथलीच. शहराच्या पश्चिमेला प्रा नावाचा भाग आहे, तिथली कोवळी, लहान पानांची तुळशीच्या कुळातली बेझिल, पाइन नट, लसूण, चीज, ऑलिव्ह तेल आणि मीठ, संगमरवरी खलात कुटलेलं. ती कधी शिजवत नाहीत, गरम पास्त्यावर नुसती कालवतात. त्रोफ्ये किंवा त्रेनेत्ते पास्ता पेस्तोबरोबर मागवलात तर त्यात बटाटा आणि फरसबीही येते. चूक झाली असं समजू नका, खरी पद्धत तीच.

फारिनाता म्हणजे हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. तांब्याच्या मोठ्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजलेली. त्याच पिठाची पानिस्सा मात्र भांड्यात आटवून, थापून, कापून तळतात, आणि पहिला घास घेताच पाटवडीची आठवण येते, फक्त फोडणी नाही. बंदरासमोरच्या सोत्तोरिपा कमानींखाली तळणाची दुकानं आहेत, तिथे दोन्ही पाहा. मासे खाणाऱ्यांनी तिथेच कागदाच्या शंकूत तळलेले बोंबील-मांदेलीएवढे मासे घ्यावेत. हॉटेलात बसून खाल्ल्यापेक्षा ते ताजे आणि स्वस्त.

सकाळी फोकाच्चा. इथली माणसं हा खारट, तेलकट पाव कॅपुचिनोत बुडवून खातात. ऐकायला विचित्र वाटतं, एकदा करून बघा. चीज भरलेला पातळ फोकाच्चा शेजारच्या रेक्को गावचा, तो वेगळा आणि जेवणाइतका जड.

कडक शाकाहारी असाल तर तीन ठिकाणी सावध राहा. पार्मिजानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात, म्हणजे पेस्तोही त्यात आली. भरलेल्या भाज्यांत मांस असू शकतं. सॅलडमध्ये, सॉसमध्ये अँचोवी मासा न सांगता येतो. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे’ म्हणजे मांस नको, मासे नकोत. अंडं चालत नसेल तर ‘सेन्झा उओवा’. पान्सोती या भरलेल्या पास्त्यात बहुधा अंडं असतं. अक्रोडाच्या चटणीबरोबर तो फार छान लागतो, तेव्हा अंडं चालणाऱ्यांनी सोडू नये. लसूण न खाणाऱ्या जैन मंडळींनी फारिनातावर भर द्यावा.

जेवणाच्या वेळा पाळा. दुपारी साडेबारा ते अडीच, रात्री साडेसातनंतर. मधल्या वेळात खाणावळींची चूल थंड असते. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी थोडी रक्कम येते, ती फसवणूक नाही. कॉफी काउंटरशी उभ्याने प्यायलात तर स्वस्त.

दुसरा दिवस

इथे बरेच जण चिंक्वे तेर्रेला पळतात. माझं म्हणणं, दोनच दिवस असतील तर नका जाऊ. जाण्यायेण्यात तीन तास आणि तिथे गर्दीत उरलेला दिवस. त्याऐवजी ब्रिन्योलेहून प्रादेशिक गाडीने कामोल्यी, अर्धा-पाऊण तास. समुद्रावर उंच, रंगीत घरांची रांग. नीट पाहा, त्यातल्या बऱ्याच खिडक्या आणि नक्ष्या खऱ्या नाहीत, भिंतीवर रंगवलेल्या आहेत. तिथून बोटीने सान फ्रुत्तुओझोच्या जुन्या मठाशी जाता येतं. त्या मठाला रस्ता नाही, एक तर बोट किंवा डोंगरातली पायवाट. तिथल्या उपसागरात पाण्याखाली येशूचा पुतळा आहे, १९५४ साली उतरवलेला. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ चढण्याआधी विचारा. समुद्र खवळला तर फेऱ्या रद्द होतात.

एवढी दगदग नको असेल तर परतताना किंवा नुसतंच नेर्वीला उतरा. स्टेशनच्या बाहेर लगेच खडकांच्या कडेने जाणारी सुमारे दोन किलोमीटरची सपाट पायवाट आहे, वर बागा. ज्येष्ठांसाठी जेनोव्हातली ही सर्वांत सुखाची संध्याकाळ. बोक्कादास्से ही कोळ्यांची जुनी वाडी शहरातच आहे, बसने जाता येतं. किनारा गोट्यांचा आहे, वाळूच्या अपेक्षेने अनवाणी उतरू नका.

क्रूझवरून एकाच दिवसासाठी उतरणार असाल तर

क्रूझची जहाजं प्रिंचिपे स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर लागतात, म्हणून जहाजावरची महागडी बस-सहल घेण्याचं कारण नाही. स्टेशनसमोरून व्हिया बाल्बीने सरळ चालत निघा, वाटेत राजवाडे आणि विद्यापीठ लागतं, पुढे व्हिया गारिबाल्दी, मग कास्तेल्लेत्तोची लिफ्ट आणि तिथून वर सांगितलेला उतार. संग्रहालय एकच निवडा. जहाजावर परतायची वेळ जहाजाच्या घड्याळाप्रमाणे असते, मोबाइलच्या नव्हे. उतरताना दोन्ही जुळतात का पाहा.

बसचं आणि मेट्रोचं तिकीट ‘ताबाक्की’ म्हणजे तंबाखूच्या दुकानात मिळतं आणि बसमध्ये चढल्यावर, मेट्रोत मात्र चढण्याआधी, छाप मारून घ्यावं लागतं. बस थांब्यावर हात दाखवा, नाही तर ती निघून जाते. अडचणीत फोन ११२. आणि पेस्तोची बरणी घरी न्यायची असेल तर ती चेक-इनच्या बॅगेत, दोन पिशव्यांत गुंडाळून. बऱ्याच विमानतळांच्या तपासणीत पेस्तो द्रव पदार्थांत धरतात आणि १०० मिलिलिटरच्या वरची बरणी काढून घेतात.